दोन भगिनीसंघ, एक अंगण: पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमाची वाटचाल

पुण्यातील शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमाचा इतिहास लिहायचा तर तीन ठिकाणांहून सुरुवात करावी लागते. इंग्लंडमधील वाँटेज गावच्या अँग्लिकन धर्मभगिनी १८७७ मध्ये पुण्यात आल्या. अहमदनगरात १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ उभा राहिला. आणि मुंबईच्या वॉर्डन रोडवर १९४० मध्ये सेक्रेड हार्ट या कॅथलिक संघाच्या भगिनींनी सोफिया महाविद्यालय स्थापन केले. या तिन्ही कामांचा परस्परांशी बराच काळ फारसा संबंध नव्हता. १९७२ मध्ये ती एका अंगणात आली आणि आज आपण ज्याला आश्रम म्हणतो त्याचे जीवन सुरू झाले.

स्मरणिकेत सनावळी द्यायलाच हवी, ती पुढे येईलच. पण या सनावळीच्या पोटात एक प्रश्न आहे. तो पंडिता रमाबाईंनी १८८० च्या दशकात वाँटेजच्या मठात राहून विचारला होता: ख्रिस्ताला आपले म्हणायचे तर आपली भाषा, आपले अन्न, आपला पोशाख आणि आपली बुद्धी बाजूला ठेवावी लागते काय? ज्या संघाला हा प्रश्न विचारला गेला त्याच संघाच्या भगिनींनी नव्वदएक वर्षांनी पुण्यात त्याचे उत्तर आपल्या रोजच्या जगण्यातून दिले. आश्रमाच्या इतिहासाचे सार आम्हाला यातच दिसते.

पंचहौदच्या भगिनी

'कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन' हा संघ १८४८ मध्ये वाँटेजचे धर्मगुरू विल्यम जॉन बटलर यांनी स्थापन केला. इंग्लंडच्या चर्चमध्ये व्रतस्थ स्त्रियांचे संघ त्या काळी नव्यानेच पुन्हा सुरू होत होते. लोकांना त्यांचा संशय यायचा. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन बायकांनी एकत्र राहायचे, ही गोष्ट अनेक इंग्रज घरांना अजिबात रुचत नव्हती. या भगिनींनी शाळा आणि निराधार स्त्रियांची सुधारगृहे चालवून आपली जागा मिळवली.

पुण्यात त्या आल्या तेव्हा ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संघाचे धर्मगुरू मुंबई-पुण्यात कामाला लागले होते. शहरातील कामासाठी जी जागा मिळाली ती पाण्याच्या पाच हौदांमुळे पंचहौद म्हणून ओळखली जाई. तेथील पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये उभे राहिले. देवालयापासून सुटा उभा असलेला त्याचा उंच घंटामनोरा पुढच्या दशकातला. गुरुवार पेठेतल्या कोणालाही पत्ता विचारा, मनोऱ्याच्याच खुणेने सांगतील.

भगिनींचे काम दोन ठिकाणी वाटले गेले होते. कॅम्पातील सेंट मेरीज शाळा १८६६ मध्ये सुरू झाली होती. ती प्रामुख्याने युरोपीय मुलींसाठी होती आणि पुढे या भगिनींकडे आली. पेठांमध्ये मात्र काम मराठीतून चाले: मुलींना अक्षरओळख, शिवण, आजाऱ्यांची शुश्रूषा, घरोघरी भेटी. एकाच संघाच्या भगिनी शहराच्या एका टोकाला साहेबांच्या मुलींना शिकवत आणि दुसऱ्या टोकाला वाड्यांच्या ओसरीवर बसत. राज्यकर्ते आणि रयत यांच्यातली दरी मिशनच्या कामातही होती, हे इतिहास लिहिताना झाकून ठेवण्याचे कारण नाही. ती दरी ओलांडायला जे पुढे निघाले त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

पंचहौदचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात कायमचे नोंदले गेले ते ऑक्टोबर १८९० मधील एका संध्याकाळमुळे. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावले. व्याख्यान झाल्यावर मिशनमधल्या बायकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसताच हाती धरला. काही दिवसांत हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि शहरात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांची नावे त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांतच मोठी चर्चा झाली. एक पेलाभर चहा त्या काळी किती जड होता, हे आज सहजी हातात हात घेऊन बसणाऱ्या आपल्या पिढीने ध्यानात ठेवायला हवे.

रमाबाईंचा प्रश्न

त्याच्या आधीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. वैद्यकीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला जायचे त्यांच्या मनात होते. वाट वाँटेजच्या भगिनींमार्फत मिळाली. पंचहौदशी निगडित असलेले नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर नेहेमिया गोरे, यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेजला पोचल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोघींनी बाप्तिस्मा घेतला.

मठात सिस्टर जेराल्डिन यांच्याकडे रमाबाईंची जबाबदारी होती. रमाबाई पत्रांतून त्यांना 'आजीबाई' म्हणत. नाते मायेचे होते, आणि मायेच्या माणसाशी भांडता येते तसे दोघी भांडल्याही. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थसुद्धा त्यांनी घेतला नाही. पोशाख आपलाच ठेवला. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरायचा विषय निघाला तेव्हा त्यांनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला. आपल्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असे काय आहे, असे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रातून सरळ विचारले. पुढे त्यांनी इंग्रज तरुणांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली. तेव्हाही, स्त्रीने पुरुषांना शिकवण्यात गैर ते काय, असे त्यांनी बजावले. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्यांनी आपल्याला न पटलेली गोष्ट पटली असे म्हटले नाही. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. रमाबाईंना ती सदसद्विवेकाची बाब वाटत होती.

या वादाची कागदपत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी स्वतः जपून ठेवली. ज्या पत्रांत आपल्यावरच टीका आहे तीही त्यांनी टाकली नाहीत. तो पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. एका विदेशी धर्मभगिनीच्या प्रामाणिकपणामुळे मराठी स्त्रीच्या विचारस्वातंत्र्याचा हा मोलाचा दस्तऐवज आपल्या हाती आला, हे ऋण मान्य केले पाहिजे.

आणखी एक ऋण आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनींनी चालवलेले सुधारगृह रमाबाईंनी पाहिले. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. हे दृश्य त्यांच्या मनात खोल रुतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. भगिनींच्या एका सुधारगृहातून निघालेले बीज कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेपर्यंत कसे पोचले, याचा माग असा लागतो. धर्मांतराच्या आकडेवारीत हे काम कुठेच दिसणार नाही. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात मात्र त्याची जागा पक्की आहे.

नगरहून भांबुर्ड्याला

रमाबाईंचा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात धुमसत राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला काव्याचे आणि कीर्तनाचे रूप दिले. अभंग, भजन, टाळ-मृदंग यांतून ख्रिस्तभक्ती मराठी झाली. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. चर्चच्या भिंतींबाहेर सर्वांना सामावणारा ख्रिस्तभक्तांचा मेळा, अशी त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते गेले.

नगर जिल्ह्यात काम करणारे जॉन कोपली विन्स्लो हे तरुण अँग्लिकन मिशनरी टिळकांमुळे भारावून गेले होते. त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. त्याआधी १९२० मध्ये त्यांनी भारतीय चर्चला स्वतःचा उपासनाविधी हवा, असे सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले होते. जून १९२२ मध्ये त्यांनी काही भारतीय सोबत्यांसह अहमदनगरात ख्रिस्त सेवा संघ स्थापला. पावसाळ्यात एकत्र राहून अभ्यास आणि प्रार्थना, उघडीप झाली की गावोगाव पायी हिंडणे, असा क्रम होता. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

१९२७ च्या सुमारास संघ पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला आला. खादीचे कपडे, जमिनीवर बैठक, शाकाहारी पंगत, भारतीय आणि युरोपीय सभासदांना एकच दर्जा. साहेब आणि नेटिव्ह एका पंगतीला बसतात ही त्या काळी बातमीच होती. १९२७ मध्येच इंग्लंडहून आलेल्या तुकडीत व्हेरिअर एल्विन होते. संघातल्या शामराव हिवाळे यांच्याशी त्यांची जन्माची मैत्री जडली आणि १९३२ मध्ये दोघे गोंडांमध्ये राहायला मंडला भागात गेले. विन्स्लो आणि एल्विन यांनी १९३१ मध्ये मिळून लिहिलेल्या पुस्तकात भारतीय स्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेतली होती. सरकारच्या नजरेत आश्रम त्यामुळे खुपू लागला.

१९३४ मध्ये संघाची पुनर्रचना झाली. व्रतस्थ सभासदांचा ख्रिस्त प्रेमसेवा संघ वेगळा झाला आणि त्याचे नेतृत्व करणारे विल्यम लॅश पुढे १९४७ ते १९६१ मुंबईचे अँग्लिकन बिशप होते. विन्स्लो मायदेशी परतले. स्वातंत्र्यानंतर संघाकडे येणारी तरुण माणसे कमी होत गेली आणि आवार ओस पडू लागले. कल्पना टिकली होती, ती जगणारी माणसे हवी होती.

वॉर्डन रोडवरील महाविद्यालय

ती माणसे अनपेक्षित दिशेने आली.

सेक्रेड हार्ट संघाची स्थापना २१ नोव्हेंबर १८०० रोजी पॅरिसमध्ये मादलेन सोफी बारा यांनी केली. बर्गंडीतल्या एका पिंपे बनवणाऱ्या कारागिराची ही मुलगी. थोरल्या भावाने तिला घरीच लॅटिन, ग्रीक, गणित शिकवले. त्या काळच्या मुलीला एवढे शिक्षण दुर्मीळच. राज्यक्रांतीने विस्कटलेल्या फ्रान्समध्ये मुलींना गंभीर, सखोल शिक्षण द्यायचे हा तिचा निश्चय होता. १८०१ मध्ये आमिएँ येथे पहिली शाळा निघाली. पुढे साठएक वर्षे त्यांनी संघाची धुरा वाहिली. १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

मुंबईत आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांच्या काळात या भगिनी आल्या आणि १९४० मध्ये मुलींसाठी सोफिया महाविद्यालय स्थापन झाले. ज्या आवारात ते आहे तिथल्या सॉमरसेट हाउसमध्ये पूर्वी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी राहत. मुलींना कॉलेजात पाठवायचे की नाही यावर घराघरांत खल होण्याचे ते दिवस. मुलींसाठीच असलेले, वसतिगृहासह चालणारे आणि भगिनींच्या देखरेखीखालचे कॉलेज म्हटल्यावर अनेक आईबाप राजी झाले. त्यात हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सगळे होते.

एक गोष्ट मात्र विद्यार्थिनींना विचित्र वाटे. शिकवायला येणाऱ्या या उच्चशिक्षित बायका आवाराबाहेर जवळजवळ कधीच पडत नसत. संघाचा नियमच तसा होता. घरी लग्न असो की मयत, फाटकाच्या आतच राहायचे. १९६४ मध्ये संघाच्या महासभेने हा बंदिवास उठवला. त्याच सुमारास दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) भरली आणि तिने व्रतस्थांना आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जाऊन सभोवतालच्या जगाला सामोरे जायला सांगितले. फाटक उघडले तेव्हा भगिनींनी स्वतःला विचारले की आता जायचे कुठे.

उत्तरे निरनिराळी निघाली. सिस्टर करुणा मेरी ब्रगांझा यांनी सोफियाचे प्राचार्यपद सांभाळले. १९७० मध्ये पॉलिटेक्निक सुरू झाले. पुढे त्या झारखंडमधील तोरपा येथे आदिवासी भागात कामाला गेल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मतिमंद मुलांसाठी सोफियाच्या आवारात साधना शाळा निघाली. आणि काही भगिनी पुण्याच्या आश्रमाकडे वळल्या.

१९७२: एकत्र राहण्याचा निर्णय

१९६९ हे वर्ष इथे महत्त्वाचे. त्या वर्षी रोमने कॅथलिक उपासनेत बारा भारतीय प्रथांना मान्यता दिली: मांडी घालून बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, पंचांग प्रणाम, आरती, समई, उदबत्ती, फुले. त्याच वर्षी बंगळुरूला भारतातील चर्चविषयी मोठे राष्ट्रीय चर्चासत्र झाले आणि आश्रमजीवनाचा विचार नव्याने पुढे आला.

१९७२ मध्ये वाँटेज संघाच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्टच्या कॅथलिक भगिनी यांनी मिळून शिवाजीनगरचा आश्रम पुन्हा नांदता केला. दोन्ही चर्चमधली फाटाफूट तेव्हा सुमारे साडेचारशे वर्षांची होती. एका घरात राहायचे, एका चुलीवर शिजलेले खायचे, रोज एकत्र प्रार्थना करायची, आणि तरीही दोघींची प्रभुभोजनाची वेदी कायद्याने वेगळी. हे दुःख भगिनींनी रोज सोसले आणि त्यातूनच ऐक्याची ओढ जागी ठेवली. आश्रमाच्या सुरुवातीच्या काळातील वंदना माताजी जन्माने मुंबईच्या पारशी, पूर्वाश्रमीच्या गुल धल्ला. त्या सेक्रेड हार्ट संघात आल्या आणि प्रांताधिकारी झाल्या. पुण्यानंतर त्यांनी ऋषीकेशला जीवनधारा आश्रम सुरू केला.

सिस्टर सारा ग्रँट १९७७ मध्ये आश्रमाच्या आचार्या झाल्या. त्या स्कॉटलंडच्या. १९५६ मध्ये भारतात आल्या आणि सोफियात तत्त्वज्ञान शिकवू लागल्या. भारतात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि शंकराचार्य वाचायचे नाहीत हे त्यांना पटेना. म्हणून त्या संस्कृत शिकल्या. शंकराचार्यांच्या भाष्यांतील संबंध या कल्पनेवर त्यांनी संशोधन केले आणि पुढे त्यावर ग्रंथ लिहिला. १९८९ मध्ये केंब्रिजला त्यांनी व्याख्याने दिली, त्यांत त्यांनी स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हटले. गीता, उपनिषदे आणि शुभवर्तमान शेजारी ठेवून वाचताना कोणाचेही पाणी कोणात मिसळायचे नाही, पण प्रत्येकाची खोली अनुभवायची, ही त्यांची शिस्त होती.

आश्रमाचा दिवस पहाटेच्या ध्यानाने सुरू होतो. चपला बाहेर, बैठक जमिनीवर, समई पेटलेली. वाचन शुभवर्तमानाचे असते, कधी त्याला उपनिषदातील मंत्राची जोड. भजन, आरती, मग शांतता. जेवण साधे, शाकाहारी. पाहुणा हिंदू की मुसलमान की काहीच न मानणारा, हे कोणी विचारत नाही. व्याख्यान देऊन पटवायचे असे इथे काही नसते. जो येतो त्याच्याजवळ बसायचे, त्याचे ऐकायचे.

वाचकाने आता रमाबाईंची पत्रे पुन्हा आठवावीत. शाकाहार, स्वतःचा पोशाख, संस्कृत अक्षरे, स्वतंत्र बुद्धीने विचार करण्याचा हक्क. यातली एकेक गोष्ट वाँटेजमध्ये वादाचा विषय होती. पुण्यात त्याच संघाच्या भगिनींच्या घरी ती दिनचर्या झाली. बायकांनी पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशपांनी वाद घातला होता. आश्रमात वेदान्त आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकवणारी आचार्या स्त्री होती, आणि सेमिनरीतले विद्यार्थी तिच्यापुढे मांडी घालून बसत होते.

यापुढचे काम

शाळा-कॉलेजांनी महाराष्ट्राला काय दिले ते सांगायला विद्यार्थिनींच्या पिढ्या आहेत. आश्रमाचे देणे तसे मोजता येत नाही. तरी आम्ही एवढे ठामपणे म्हणू की शिक्षणाचे जे व्रत भगिनींनी घेतले होते ते आश्रमात आल्याने सुटले नाही, ते पूर्ण झाले. जी शिकवायला आली ती शिकायला बसली. शिक्षकाला याहून मोठी पदवी नाही.

आज दोन्ही संघांत नव्याने येणाऱ्या मुली थोड्या आहेत. ही चिंता आहे आणि ती मोकळेपणाने बोलली पाहिजे. व्रत घेणाऱ्या भगिनी कमी झाल्या तर आश्रमाच्या मित्रमंडळींनी, प्रापंचिक स्त्रीपुरुषांनी अधिक भार उचलायला हवा. पंचहौदपासून इथपर्यंतची पत्रे, नोंदी आणि उपासनेची मराठी पुस्तके गोळा करून नीट जपायला हवीत. त्यांतले पुष्कळसे इंग्रजीत आहे, ते मराठीत आणायला हवे. टिळक, रमाबाई, गोरे यांच्यावर अभ्यास करणाऱ्या तरुणांना इथे राहून काम करता आले पाहिजे. वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या त्याला २०२७ मध्ये दीडशे वर्षे होतील. तोवर यातले निदान पहिले काम हाती घ्यावे, अशी आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.